साडूभाऊंचा मनीषनगर–उमरेड बोगदा

नागपूर जिल्ह्यात आजवर सर्वांत जास्त बोगदे कोणी खणले असतील तर ते आमच्या साडूभाऊंनी, आणि इतके खणूनही त्यांच्या नखात मातीचा एक कण गेलेला नाही की शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. एक बोगदा तर त्यांनी माझ्या बायकोच्या डोहाळजेवणात, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप धरून, थेट मौद्यापर्यंत आरपार काढला होता, आणि ओटी भरून होईस्तोवर त्यातून वाहतूकही सुरू झाली होती. बायका ओवाळायला उठल्या तेव्हा साडूभाऊ उभे राहून ओरडले, "आलं! तिकडचं टोक आलं!" माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. त्या वाक्यानं मांडवात जी पळापळ झाली ती थांबवायला अर्धा तास लागला.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ज्या कंपन्यांचं ऑफिस नागपुरात आणि गोदाम मौद्याला किंवा खापरखेड्याकडे असतं, त्यांची दोन टोकं जोडून देणं हा साडूभाऊंचा धंदा. प्रत्येक टोकाला स्विच नावाचा एक चपटा डबा असतो. स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. पुढून हिरवे दिवे लुकलुकणारा आणि आतून पंखा घुरघुरणारा हा डबा तिथल्या सगळ्या यंत्रांना एका दावणीला बांधतो. या डब्यापासून त्या डब्यापर्यंत, इंटरनेटच्या भर बाजारातून, कोणाच्या नजरेस न पडता जाणारी एक खाजगी वाट काढायची. तिला ते टनेल म्हणतात. ही वाट दिसत नाही, तिला वास नाही, वजन नाही, आणि साडूभाऊंच्या मते नागपूर जिल्ह्यात तिच्याइतकी सुंदर दुसरी गोष्ट नाही. हे ते ताईंसमोर म्हणतात, यावरून त्यांच्या धैर्याची कल्पना यावी.

मला टनेल समजावून सांगायला त्यांनी जो मुहूर्त निवडला तो माझ्या लग्नाचा. मी नवरदेव, गळ्यात हार, पंगत बसलेली, ताटात पुडाची वडी. साडूभाऊंनी माझ्याच ताटातली वडी उचलली आणि सगळ्या पाहुण्यांना दिसेल अशी उंच धरली. "हे पाहा जावईबुवा, आतलं हे सांबार, म्हणजे कोथिंबिरीचं सारण, ही झाली आपली चिठ्ठी. तिच्यावर पत्ता घरातला: मधल्या खोलीत ताईले द्या. आता हा पत्ता घेऊन ती बाजारात गेली तर तिले कोण ओळखन? म्हणून तिच्यावर बेसनाचं पांघरूण घालाचं, अन् पांघरुणावर बाजाराले समजन असा दुसरा पत्ता लिहाचा. तिकडच्या टोकाले पांघरूण काढलं की आतली चिठ्ठी जशीच्या तशी! बाजाराले खबरच नाही." असं म्हणून त्यांनी मला नुसतं सांबार भरवलं आणि पांघरूण स्वतः खाल्लं. माझ्या लग्नाची मला एवढीच आठवण आहे. बाकी सगळं लोकांनी सांगितलेलं.

या पांघरुणाचा एक तोटा असा की त्याला जागा लागते. वाटेची रुंदी ठरलेली, चिठ्ठी आधीच काठोकाठ भरलेली. वरून पांघरूण चढलं की ती मावत नाही आणि अडकून बसते. म्हणून आतली चिठ्ठी मुळातच चोवीस मापं लहान ठेवायची. आता हे ज्ञान माणसानं ऑफिसात ठेवावं की नाही? आम्ही दोन कुटुंबं मिळून चिखलदऱ्याला निघालो तेव्हा साडूभाऊंनी प्रत्येकाच्या बॅगेत हात घालून चोवीस बोटं जागा मोकळी करवली. त्या चोवीस बोटांत आमचे स्वेटर होते, ताईंची शाल होती आणि माझी कानटोपी होती. चिखलदऱ्याला आम्ही हॉटेलचे पडदे काढून पांघरले. परत येताना साडूभाऊ मात्र सगळ्यांना अभिमानानं विचारत होते, "पण एक तरी चेन तुटली का? सांगा नं, एक तरी तुटली का?"

त्यांच्या डोक्यातल्या नकाशात गावं नाहीतच, फक्त टोकं आहेत. "काल खापरखेड्याचं टोक रुसलं होतं," असं ते एखाद्या नणंदेविषयी बोलावं तसं बोलतात. तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी बांधायची त्यांची शिस्त इतकी कडक की नागपुरातल्या मनीषनगरच्या त्यांच्या घरात गॅलरीतल्या झाडांच्या नळीला, कपड्यांच्या दोरीला आणि ताईंच्या जपमाळेलासुद्धा दोन्हीकडून चिठ्ठ्या आहेत. जपमाळेला टोक नसतं हे ताईंनी त्यांना परोपरीनं सांगितलं. शेवटी त्यांनी एकाच मण्याला दोन चिठ्ठ्या बांधल्या. शेजाऱ्यांच्या मांजराविषयी मी काही बोलत नाही. ते प्रकरण आता मिटलेलं आहे.

आणि दुसरं टोक जिवंत आहे की नाही, हे दर थोड्या वेळानं हाक मारून बघायची त्यांची सवय. यंत्राला ते बोटांनी विचारतात, माणसाला तोंडानं. आंघोळीला गेले की आतून आवाज येतो, "आहेस का?" ताई पोळ्या लाटता लाटता म्हणतात, "आहे." पुन्हा, "आहेस का?" "आहे." असं चार वेळा झालं की साडूभाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर येतात आणि निकाल जाहीर करतात: "चार हाका, तीन उत्तरं. एक हरवलं. सरासरी दोन सेकंद." ताई म्हणतात, "हरवलं नाही, दूध उतू चाललं होतं." "कारण नाही विचारलं वं मी," साडूभाऊ म्हणतात, "नुसती नोंद घेतली."

पण त्यांची खरी कीर्ती दहा मिनिटांमुळे. दूरच्या डब्यात काही बदल करायचा झाला तर साडूभाऊ आधी त्याला बजावून ठेवतात, की दहा मिनिटांत माझं पुढचं बोलणं आलं नाही तर तू आपोआप बंद पडून पुन्हा उठ आणि जुनं सगळं जसं होतं तसं कर. बदल जमला तर हुकूम मागं घ्यायचा. चुकून स्वतःचीच वाट कापली गेली, तर हातावर हात ठेवून दहा मिनिटं बसायचं. डबा आपला आपण शुद्धीवर येतो. या एका युक्तीनं त्यांचे हजारो मैलांचे हेलपाटे वाचले, आणि म्हणून त्यांनी ती संसारालाही लावली. ताईंना बघायला गेले तेव्हा "मुलगी पसंत आहे" म्हणून झाल्यावर ते पुढं म्हणाले, "पण दहा मिनिटं थांबा. मी पुन्हा हो म्हटलं नाही, तर पहिलं हो रद्द समजा." आमचे सासरे हातात पेढा धरून दहा मिनिटं उभे होते. ताई म्हणतात, त्या दहा मिनिटांत आपण चार वेळा मागच्या दारानं पळून जायचा बेत केला, पण मागच्या दारात याच माणसाच्या चपला होत्या. आजही भांडणात साडूभाऊंच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं, की ते लगेच घड्याळ पाहतात आणि दहा मिनिटांनी निरागसपणे विचारतात, "आज भाजी कायची?" मधलं सगळं पुसलेलं. ताईंचं मात्र पुसलेलं नसतं. तिथंच त्यांच्या यंत्रशास्त्राची हद्द संपते.

एवढ्या सगळ्या सावधगिरीत एकच खोड वाईट: चालणारी वस्तू त्यांना बघवत नाही. बंद पडलेली असेल तर ते तिला देवासारखे पावतात; पण चालू असली, ठीक असली, कोणाची तक्रार नसली, की त्यांच्या बोटांना खाज सुटते. ताईंचा मिक्सर चांगला चालला होता. त्यांनी तो आणखी चांगला केला. जवसाच्या चटणीचा तो डाग अजूनही स्वयंपाकघराच्या छतावर आहे, पाहुण्यांना आम्ही तो दाखवतो.

आता उमरेडचं सांगतो.

उमरेडला आमचे सासरे एकटे राहतात. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. जन्मभर हातमागावर बसलेला माणूस. मधल्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, एका हातानं दोरी ओढून ताण्याच्या उभ्या सुतांमधून आडव्या सुताचा धोटा पळवायचा, दुसऱ्या हातानं फणी ठोकायची. माझ्या आणि साडूभाऊंच्या घरातले माग आमच्या आजोबांच्या काळातच गेले; आम्हा दोन्ही जावयांना धोटा कशाशी खातात हेही कळत नाही. पण दोघी बहिणी त्या मागाच्या आवाजात वाढल्या. तर सासूबाई गेल्या, बाबांचं वय ऐंशीला टेकलं, आणि एकदा ते अंगणात पडले. तेव्हा दोघींनी ठरवलं, आता बाबांना मनीषनगरला आणायचं. बाबा म्हणाले, "माग चालू हाय तवरक मी कुठी येत नाही. ज्या दिवशी माग बंद पडन, त्या दिवशी पिशवी भरतो." ताई रडल्या, माझी बायको रागावली, बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले. फोन करावा तर मागावरच्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले. तो उचलणार कधी? न उचललेल्या प्रत्येक फोनला ताईंचं काळीज तोंडाशी यायचं.

तेव्हा साडूभाऊ पुढं झाले. "बाबाले इकडं आणाचं कामच नाही. मी दोन्ही घरांचं एक घर करतो." एक डबा मनीषनगरला, एक उमरेडला, मध्ये टनेल, आणि दोन्हीकडे एकेक बोलका भोंगा, चोवीस तास उघडा. इकडच्या यंत्राला वाटेल तिकडचं यंत्र शेजारच्याच खोलीत आहे. उचलायचं नाही, ठेवायचं नाही. बाबा खोकले तर ताईंना स्वयंपाकघरात ऐकू येईल. कॅमेरासुद्धा लावणार होते, पण बाबा म्हणाले, "मले पाहून काय करता? मी का सिनेमात हाय?" म्हणून नुसता आवाज.

ताईंनी अट घातली. आठ दिवस आवाज अखंड आला पाहिजे. एकदा जरी तुटला तरी टनेल गुंडाळायचा आणि बाबांना घेऊन यायचं. बाबांनी मान डोलावली. उमरेडच्या डब्यावर साडूभाऊंनी हळदकुंकू वाहिलं, बटणावर चिकटपट्टी लावली आणि बाबांना सासूबाईंच्या फोटोसमोर शपथ घ्यायला लावली, की आभाळ पडलं तरी या बटणाला हात लावणार नाही. मग त्यांनी बाबांना टनेल समजावून सांगायला पिशवीतून पुडाची वडी काढली. बाबांनी त्यांना मध्येच थांबवलं. "जावई, वडी खा तुम्ही. मले समजलं. कांडीवर सूत, कांडी धोट्यात, अन् धोटा ताण्यातून पळते. सुताले थोडंच माहीत राहते आपण कुठून चाललो." साडूभाऊंनी वडी परत पिशवीत ठेवली. त्यांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात टनेल एका दमात समजलेला हा पहिला माणूस.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर उमरेडचा माग सुरू झाला! टक, टक, टक. ताई त्या तालावर कणीक मळू लागल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन वेळा विचारून गेले, सुतार कधी जाणार म्हणून. बाबांनी तिकडून खाकरावं आणि इकडं साडूभाऊंनी दचकून सिगारेट विझवावी, असं चाललं. भाजीवाला दाराशी आला तर बाबा उमरेडहून भाव करायचे. साडूभाऊ एका वहीत तासातासाला टिकमार्क करत आणि छाती काढून हिंडत. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. टनेल असा तुळतुळीत चालला की एक ठसका हरवला नाही.

आणि तिथंच घोडं अडलं. चालणारी वस्तू.

आठव्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दुपारी चारला मुदत संपणार होती. दोघी बहिणी आत गोळाभाताच्या तयारीत, मिक्सर गुरगुरत होता. साडूभाऊ लॅपटॉपसमोर कानाला हात लावून बसले होते. मला म्हणाले, "भाऊ, आवाज कणभर उशिरा येऊन राहिला."

"मले तर बरोबर वाटून राहिला," मी म्हणालो.

"तुम्हाले वाटन. जवळची एक वाट आहे, ती लावून देतो. दोन ओळींचं काम."

"अन् दहा मिनिटं?"

"आज नाही लावत. हुकूम मागं घ्याचा राहिला तर डबा आपोआप बंद पडन, अन् शेवटच्या दिवशी मीच माह्या हातानं हरन."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी दहा मिनिटं लावली नाहीत. बोटं चालली. दोन ओळी. आणि माग थांबला. साडूभाऊंचा चेहरा पुडाच्या वडीच्या पांघरुणासारखा पिवळा झाला. मी हळूच विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "मी उमरेडच्या डब्याले सांगून बसलो, का मनीषनगरच्या बोगद्याच्या तोंडाशी जायचं असन तर बोगद्यातूनच जा." म्हणजे असं, की घरात शिरायची किल्ली त्यांनी त्याच घरात ठेवून दार ओढून घेतलं होतं. आता तो डबा कोणाचं ऐकणार नाही. उपाय एकच: उमरेडला कोणी तरी बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. बदल अजून जतन केलेला नव्हता, डबा उठला की सगळं आधीसारखं झालं असतं.

आम्ही गॅलरीत जाऊन, दार लावून, बाबांच्या मोबाइलवर फोन केला. तिसऱ्या खेपेला त्यांनी उचलला.

"बाबा, ते डब्याचं बटण आहे नं, एक वेळा बंद करा अन् चालू करा," साडूभाऊ कुजबुजले.

"मी नाही करत."

"बाबा, मीच सांगून राहिलो!"

"तुम्हीच शपथ घालून राहिले होते. पोरींच्या मायच्या फोटोसमोर. आभाळ पडलं तरी नाही म्हणे."

"आभाळच पडलं समजा नं बाबा!"

"इथं तर ऊन हाय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर बंद.

आत मिक्सर अजून गुरगुरत होता. मी आत डोकं घालून म्हणालो, "आम्ही दही आणाले जातो." आणि आम्ही दही आणायला स्कूटरवर उमरेडला निघालो.

तो प्रवास मी विसरणार नाही. साडूभाऊ स्कूटर नव्हे, विमान हाकत होते. दर दोन मिनिटांनी मागं न बघता ओरडत, "आहात का मागं?" मी ओरडे, "आहे!" वाऱ्यात माझं एक उत्तर ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यांनी स्कूटर वळवून अर्धा किलोमीटर मागं मला शोधायला नेली, मी सीटवरच होतो. एका ट्रकला त्यांनी उजवीकडून गाठलं, एका म्हशीला डावीकडून, आणि एका वरातीला मधून. बँडवाल्यांनी आम्हाला नवरीकडचे समजून सलामी दिली. या सगळ्या गडबडीत फक्त एकदा, रेल्वेचं फाटक पडलेलं असताना, ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, म्हाताऱ्याले मागावरून उठवलं तर तो जगन का हो?" फाटक उघडलं.

उमरेडला पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता: टक, टक, टक. साडूभाऊंनी आनंदानं माझा हात दाबला. माग चालू होता! आम्ही मधल्या खोलीच्या दारात गेलो आणि थबकलो.

माग मोकळा होता. त्यावर एक धागा नव्हता. ना ताणा, ना कापड. नुसता लाकडाचा सांगाडा. धोटा कोनाड्यात ठेवलेला. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते, पावडी दाबत होते आणि रिकामी फणी लाकडावर ठोकत होते. टक. टक. मधूनच थांबून गुडघा चोळत होते, भोंग्याकडे पाहत होते आणि घाईनं पुन्हा ठोकत होते.

आमची चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली. "जावई? तुम्ही दोघंही इथं? मंग तिकडं कोण ऐकून राहिलं?"

"कोणीच नाही, बाबा," साडूभाऊ म्हणाले. "तासाच्या वर झालं. माह्याच हातानं तुटलं. कोणीच नाही ऐकून राहिलं."

बाबांचा हात फणीवर तसाच राहिला. "म्हणजे तासभर फुकटच ठोकलं म्हणा," ते म्हणाले, आणि हसले. आम्हालाही हसू यायला हवं होतं.

"बाबा, ताणा कुठी आहे?" मी विचारलं.

"ताणा लावाले चार माणसं लागते. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापावतर सूत धरून उभे राहणारे. मागचा ताणा उतरला उन्हाळ्यात. तवापासून चार माणसं भेटले नाही. धाकटे पोट्टे कामाले मौद्याले जाते, म्हातारे खाटेवर." त्यांनी फणीवरची धूळ बोटानं पुसली. "पण पोरींले सांगू नका. आठ दिवसांची बात होती. आठ दिवस ठोकीन म्हटलं. मंग पाहू."

साडूभाऊ भिंतीला टेकून खाली बसले. मग उठून ते सासूबाईंच्या फोटोसमोर गेले, हात जोडले, आणि म्हणाले, "शपथ मी सोडवतो. बाबा, तुम्हीच दाबा." बाबांनी चिकटपट्टी काढली, बटण बंद केलं, चालू केलं. डब्यातला पंखा घुरघुरला. एक दिवा लागला, मग दुसरा. आम्ही तिघं त्या दिव्यांकडे बघत उभे.

"बाबा?" भोंग्यातून ताईंचा आवाज आला. इतका जवळून, की बाबांनी दाराकडे पाहिलं.

"हाय वं मी," बाबा म्हणाले आणि पटकन खड्ड्यात पाय सोडायला वळले.

पण साडूभाऊंच्यानं राहवलं नाही. ते भोंग्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "ऐकतेस का? तुटलं होतं. एक तास बारा मिनिटं. चूक माही आहे, बाबांची नाही. मी हरलो."

तिकडून ताई म्हणाल्या, "कधी तुटलं? आम्ही तर मिक्सर लावून बसलो होतो. आम्हाले काही ऐकू नाही आलं." पुढं नागपुरात परतल्यावर बायकोनं मला सांगितलं, की माग थांबला त्याच क्षणी ताईंनी मिक्सरचं बटण बंद केलं होतं. आम्ही गॅलरीत कुजबुजायला लागलो तसं मिक्सर पुन्हा चालू केला, रिकामाच. आणि आमची स्कूटर निघाल्यावर त्या जमिनीवर बसल्या ते भोंग्यावर हात ठेवून, आवाज परत येईस्तोवर. पण हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. साडूभाऊ पुन्हा म्हणाले, "अगं तुटलं होतं, माह्यावर विश्वास ठेव," आणि ताई ओरडल्या, "मी नाही म्हणते नं!"

बाबांनी पुन्हा फणीला हात घातला. टक. टक.

"बाबा," ताई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "पाय दुखत असन तुमचा. नका ठोकू."

बाबा थांबले. "दुखत नाही वं. विणून राहिलो."

"पहिल्या दिवशीच समजलं, बाबा. कापड असलं का फणी धप वाजते. ही टक वाजून राहिली. अन् धोटा पळाल्याचा आवाज एक वेळाही नाही आला. मी काय तुमची पोरगी नाही का?"

बाबांनी आमच्याकडे पाहिलं; आम्ही दोघं जावई जमिनीकडे पाहत होतो.

"मंग म्हटलं काहून नाही?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही इतकं मनावर घेऊन ठोकत होते," ताई म्हणाल्या. "तिथंच राहा बाबा. नुसते बसले तरी चालते. आम्हाले ऐकू येते."

"नुसतं बसल्यावर काय ऐकू येते वं?"

बाबांनी सावकाश एकेक पाय खड्ड्यातून वर काढला, साडूभाऊंनी हात दिला. भोंग्याशेजारी पायावर पाय ठेवून ते टेकून बसले. मनीषनगरहून भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू झाल्याचा, माझ्या बायकोनं नाक शिंकरल्याचा. मग कुकरची शिट्टी झाली. बाबांनी मान तिरकी केली. दुसरी झाली. तिसरी झाली.

"झाल्या वं तीन," बाबा म्हणाले. "बंद कर आता, भात लागन."

"हो बाबा," उमरेडच्या त्या खोलीत ताई म्हणाल्या.